बाड आणि पुस्तक यांच्यामधला माणूस

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई चौधरी गेल्या, तेव्हा त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९५२मध्ये, ‘बहिणाबाईंची गाणी’ निघालं आणि काही काळातच ती गाणी शाळेच्या पाठ्यपुस्तकांत, रेडिओवर, लोकांच्या बोलण्यात जाऊन बसली. मधल्या काळात कवितेतला एक शब्दही बदलला नव्हता. शेत तेच, जातं तेच, बोली तीच. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ऐकून उतरवून ठेवलेल्या त्या रचना आचार्य अत्र्यांसमोर आल्या, हे छापलंच पाहिजे असा निर्णय अत्र्यांनी तिथल्या तिथे घेतला आणि प्रस्तावना लिहून आपलं वजन त्या पुस्तकामागे उभं केलं. घडलं ते एवढंच. प्रकाशित आणि अप्रकाशित लेखक यांच्यात नेमकं काय वेगळं असतं, या प्रश्नाचा शोध अशा उदाहरणांपासून सुरू करायला हवा. इथे लेखन दोन्ही बाजूंना जसंच्या तसं असतं, त्यामुळे फरक लेखनात नसून दुसरीकडे कुठेतरी आहे हे मान्य करावंच लागतं.

या प्रश्नाला सहसा दोन उत्तरं दिली जातात. ज्याच्यात प्रतिभा आहे तो छापला जातो, हे एक. जो चिकाटी सोडत नाही तो छापला जातो, हे दुसरं. दोन्ही उत्तरं लेखकाकडेच बोट दाखवतात, म्हणून ती छापलेल्यांना सुखावतात आणि न छापलेल्यांना गप्प बसवतात. मराठी साहित्याचा गेल्या दीडशे वर्षांचा व्यवहार नीट पाहिला तर मात्र जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या पहिल्या पुस्तकामागे एक तिसरा माणूस दिसतो. तो लेखकाचा नातेवाईक नसतो, निदान त्याचा निर्णय नात्यातून आलेला नसतो. लेखकाला अजून कुणी नाव दिलेलं नसताना तो त्याचं बाड शेवटपर्यंत वाचतो, त्यात काय आहे आणि काय नाही हे सांगतो आणि ते छापण्यासाठी स्वतःचा पैसा, वेळ किंवा पत पणाला लावतो. त्याला मी पहिला परका वाचक म्हणेन. तो भेटणं किंवा न भेटणं हाच प्रकाशित आणि अप्रकाशित यांच्यातला सगळ्यात मोठा फरक आहे, असं माझं म्हणणं आहे. प्रतिभा आणि चिकाटी लागतातच, पण त्या दोन्ही असलेली माणसं रेषेच्या अलीकडेही आहेत आणि पलीकडेही.

बहिणाबाईंच्याच बाबतीत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्या लग्न होऊन ज्या जळगावात आल्या आणि जिथे त्यांचं सगळं आयुष्य गेलं, त्याच जळगावातून नारायण नरसिंह फडणीस ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेलं मासिक चालवत होते. १८८७मध्ये सुरू झालेलं हे मासिक जवळजवळ अर्धशतक निघत राहिलं. १९०७ साली याच गावात महाराष्ट्रातलं पहिलं कविसंमेलन भरलं आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाला तिथे ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. कवितेचं एवढं मोठं दार एकाच गावात उघडं असताना त्याच गावातल्या शेतकरी बाईची कविता तिथवर पोचली नाही. त्यात फडणिसांना दोष देण्यासारखं काही नाही. जी कविता शेतात आणि जात्यावर म्हटली जाते, जिची कवयित्री अक्षर गिरवायला कधी शिकलेलीच नाही, तिला संपादकाच्या टेबलापर्यंत नेणारं कुणी तरी लागतं. सोपानदेव स्वतः कवी झाले, मुंबईपुण्याच्या साहित्यिकांत वावरू लागले, म्हणून तो रस्ता तयार झाला. नुसतं दार असून भागत नाही, दारापर्यंत नेणारी पायवाटही असावी लागते आणि ती कुणाच्या वाट्याला येते हे बव्हंशी जात, लिंग, गाव आणि शिक्षण यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

फलटणच्या बेबी कांबळे यांची गोष्ट याहून बोलकी आहे. छोटं दुकान चालवता चालवता त्या आपल्या समाजाचं जगणं लिहून काढत होत्या आणि ते कागद घरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून लपवून ठेवत होत्या. असं सुमारे वीस वर्षं चाललं. म्हणजे चिकाटी होती, विषय होता, अनुभवाला भिडणारी भाषा होती, आणि लिहून पूर्ण झालेला मजकूरही होता. नव्हता तो वाचणारा. फलटणमध्येच स्थायिक झालेल्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्याशी त्यांची ओळख झाली, त्यांनी ते लेखन वाचलं आणि छापण्याचा आग्रह धरला. १९८२मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं आणि १९८६मध्ये ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने निघालं. दलित स्त्रीच्या आत्मकथनांत ते आज पहिल्या ओळीत गणलं जातं. बर्नसन फलटणला आल्या नसत्या तर काय झालं असतं, या प्रश्नाचं उत्तर द्यायला कल्पनाशक्ती लागत नाही. महाराष्ट्रातल्या किती माळ्यांवर आणि ट्रंकांत असे कागद वाळवीने खाल्ले असतील, हा विचार करणाऱ्याला ‘खरी प्रतिभा आपला मार्ग शोधतेच’ हे वाक्य पुन्हा सहज उच्चारता येणार नाही.

वरच्या उदाहरणांवरून असं वाटेल की पहिला परका वाचक फक्त वंचितांनाच लागतो. तसं नाही. कुसुमाग्रज शिकलेले होते, पत्रकारितेत होते, त्यांच्या कविता लोक वाचत होते. तरी १९४२चा ‘विशाखा’ हा संग्रह निघाला तो वि. स. खांडेकरांनी स्वतः खर्च उचलला म्हणून, आणि खांडेकरांच्या प्रस्तावनेसह. केशवसुतांच्या कविता मासिकांतून छापून आल्या होत्या, नव्या कवींवर त्यांची छाप पडत होती, पण १९०५मध्ये ते गेले तोवर त्यांचा संग्रह निघाला नव्हता. तो निघाला हरि नारायण आपटे यांच्यामुळे, कवीच्या मृत्यूनंतर दहाएक वर्षांनी. मालतीबाई बेडेकरांनी ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव घेऊन लिहिलेलं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली छापायला ह. वि. मोटे पुढे आले. प्रौढ अविवाहित मुलींच्या मनातलं ते उघड लेखन वादळ उठवणार हे स्पष्ट असताना त्यांनी ते छापलं आणि लेखिकेचं खरं नाव सांभाळलं. ही जोखीम प्रकाशकाने घेतली नसती तर ते पुस्तक बाईंच्या टेबलाच्या खणातच राहिलं असतं. या तिन्ही लेखकांची लेखणी आपापल्या जागी समर्थ होती. तरीही पुस्तक होण्यासाठी दुसऱ्या कुणी तरी काही तरी सोसावं लागलं.

हा वाचक नेमकं काय करतो, याचा उत्तम नमुना म्हणजे ‘सत्यकथा’. १९३३ ते १९८२ असं जवळपास पन्नास वर्षांचं आयुष्य या मासिकाला लाभलं. गिरगावातल्या खटाववाडीत, मौजेच्या कार्यालयात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी मराठी कथेवर आणि कवितेवर जे संस्कार केले, ते निवडीपुरते नव्हते. कथा साभार परत येई, पण अनेकदा तिच्यासोबत सविस्तर पत्र येई. पात्र कुठे लेखकाच्या तोंडचं बोलतं, शेवट कुठे ओढूनताणून आणला आहे, कुठला परिच्छेद काढला तर कथा मोकळी होईल, हे त्यात लिहिलेलं असे. पटवर्धनांनी स्वतः फार थोडं लिहिलं. मराठी वाचक त्यांना मुख्यतः ‘पाडस’ या अनुवादासाठी ओळखतो. आपली लेखनशक्ती त्यांनी इतरांच्या हस्तलिखितांवर खर्च केली, आणि मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांची जागा एखाद्या मोठ्या कथाकाराइतकीच मानाची असायला हवी असं मला वाटतं. ज्या नवोदिताला असं पत्र आलं, त्याच्या हाती नकार पडला तरी तो अप्रकाशित राहण्याच्या वाटेवर नव्हता. त्याचं लेखन कुणी तरी पूर्ण वाचलं होतं आणि पुढचा खर्डा कुठून सुरू करायचा हे त्याला कळलं होतं. नुसत्या ‘साभार परत’च्या छापील चिठ्ठीने हे होत नाही, आणि आज अनेक ठिकाणी तर तेवढी चिठ्ठीही येत नाही.

इथे लेखकाचा वाटा येतो, आणि तो टाळून चालणार नाही. परक्या वाचकाचं बोलणं ऐकणं हे सोपं काम नाही. पहिला खर्डा लिहिणाऱ्याला आपलं लेखन अनुभवाचा तुकडा वाटतं. ते बदलणं म्हणजे अनुभव खोटा करणं, असं त्याच्या मनात असतं. अनेक हस्तलिखितं या ठिकाणी थांबतात. लेखक कुटुंबीय आणि मित्रांना वाचून दाखवतो, ते कौतुक करतात, आणि त्या कौतुकाच्या बळावर तो संपादकाची पहिली सूचना अपमान म्हणून घेतो. दुसऱ्या टोकाला प्रत्येक सूचना निमूटपणे स्वीकारून स्वतःचा सूर घालवून बसणारेही असतात. छापले गेलेले चांगले लेखक या दोन्हींच्या मध्ये कुठे तरी उभे असतात. ते सूचनेमागची अडचण मान्य करतात आणि उपाय स्वतःचा शोधतात. ही क्षमता अभ्यासाने येते. पण अभ्यासासाठी समोर कुणी तरी असावं लागतं. ज्याला आयुष्यात एकदाही गंभीर प्रतिक्रिया मिळाली नाही, त्याने सुधारणा केली नाही म्हणून त्याला आळशी ठरवणं अन्यायाचं आहे.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. हा परका वाचक म्हणजे शेवटी दारावरचा पहारेकरीच नाही का? त्याची अभिरुची, त्याची जात, त्याचं शहर हेच निकष होऊन बसतात, त्याचं काय? आक्षेप खरा आहे, आणि तो मराठीत प्रत्यक्ष रस्त्यावर मांडला गेला आहे. १९६०च्या दशकाच्या शेवटी लघुअनियतकालिकांच्या तरुणांनी, राजा ढाले त्यांत पुढे होते, खटाववाडीत ‘सत्यकथे’ची होळी केली. एका विशिष्ट वर्गाची सौंदर्यदृष्टी साऱ्या मराठीवर लादली जाते आहे, हा त्यांचा आरोप होता, आणि ‘सत्यकथे’विषयी कितीही आदर असला तरी त्या आरोपात तथ्य होतं हे मान्य केलं पाहिजे. पण त्या चळवळीतल्या तरुणांनी स्वतः काय केलं ते पाहावं. वाचकाशिवाय लिहिण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. त्यांनी दुसरे वाचक उभे केले. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’ अशी अनियतकालिकं चक्रमुद्रित करून, हातोहात वाटून त्यांनी एकमेकांचं लेखन वाचलं, झोडपलं, छापलं. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं आणि मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून, पुढे सगळ्या महाराष्ट्रातून येणाऱ्या दलित लेखकांना त्यांचा पहिला संपादक मिळाला. १९७२मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला तेव्हा विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्यासाठी ते ढसाळांबरोबर गोलपिठ्याच्या वस्तीत हिंडले आणि आपल्याला न कळणाऱ्या शब्दांचे अर्थ त्यांनी ढसाळांकडून समजून घेतले. परक्या वाचकाने आपल्या अज्ञानाशी कसं वागावं, याचा तो धडा आहे.

‘ग्रंथाली’चं उदाहरण आणखी पुढे जातं. वाचकांनी आधी पैसे भरून सभासद व्हायचं आणि पुस्तकं कमी किमतीत घ्यायची, या पद्धतीवर उभ्या राहिलेल्या या वाचक चळवळीने १९७८मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आणि १९८०मध्ये लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ काढलं. ‘उपरा’ला १९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कैकाडी समाजातल्या एका तरुणाच्या पहिल्या पुस्तकाला हा मान मिळतो, यामागे लेखकाची लेखणी तर आहेच, पण जोखीम हजारो वाचकांत वाटून घेणारी ती व्यवस्थाही आहे. म्हणून पहारेकऱ्याच्या आक्षेपाला माझं उत्तर असं: पहारेकरी अन्याय करतो यावरचा इलाज वाचकच काढून टाकणं हा नाही, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या कानांचे अनेक वाचक असणं हा आहे. शिवाय जुन्या वाटेवरचा प्रकाशकही कधी नवा आवाज ओळखतो. ‘ययाति’ आणि ‘स्वामी’ छापणाऱ्या देशमुख आणि कंपनीच्या रा. ज. देशमुखांनीच १९६३मध्ये पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ काढली. त्या तीन पुस्तकांची मराठी एकमेकींपासून किती दूर आहे हे वाचणाऱ्याला सांगायला नको.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. स्वतःहून मागे राहणाऱ्या लेखकांचं काय? अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७मध्ये आला. त्यातली बरीच कविता त्याआधी कित्येक वर्षं लिहिलेली होती. त्यानंतर मराठीतली पुढची पुस्तकं यायला अडीच दशकं लागली. ‘भिजकी वही’ २००३मध्ये निघाली आणि तिला अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा कवी हयात नव्हता. इथे अप्रकाशित राहणं ही निवड होती. पण कोलटकरांजवळ अशोक शहाणे होते. ‘प्रास’ प्रकाशन जवळजवळ एकट्याच्या बळावर चालवणारा, अक्षराच्या आकारापासून पानाच्या मोकळ्या जागेपर्यंत सगळं पारखणारा हा प्रकाशक थांबायला तयार होता. ज्याला दार केव्हाही उघडेल याची खात्री आहे, त्याचं थांबणं आणि ज्याला दार कुठे आहे हेच माहीत नाही, त्याचं थांबणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

तिसरा आक्षेप आजचा आहे. आता दारच उरलं नाही, असं म्हटलं जातं. संगणकावर अक्षरजुळणी होते, हव्या तेवढ्याच प्रती छापून मिळतात, मोबाइलवर मजकूर टाकला की क्षणात तो वाचकांसमोर जातो. मग अप्रकाशित असा कुणी राहीलच कशाला? या बदलाने अनेकांचं भलं झालं आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. गडचिरोलीत किंवा डांगात बसून लिहिणाऱ्याला आता सदाशिव पेठेचे जिने चढावे लागत नाहीत. पण छपाई स्वस्त झाली तसं वाचणं महाग झालं. लेखकाकडून पंचवीस-तीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम घेऊन पुस्तक काढून देणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या अनेकांकडे हस्तलिखित वाचून त्यावर काम करणारं कुणीही नसतं. प्रुफंही लेखकच तपासतो. गठ्ठे त्याच्या घरी येतात, प्रकाशन समारंभ होतो, आप्तेष्टांना भेटीच्या प्रती जातात आणि पुस्तक तिथे संपतं. पैसा कुणाचा, हा इथे मुद्दाच नाही. ‘विशाखा’लाही कुणाच्या तरी खिशातले पैसे लागलेच होते. मुद्दा असा, की खांडेकरांनी आधी वाचलं आणि मग पैसे घातले. आज पैसे आधी घातले जातात आणि वाचायचं राहून जातं. अशा लेखकाच्या नावावर ग्रंथ असला तरी त्याची अवस्था बाड उशाशी घेऊन बसलेल्या लेखकापेक्षा वेगळी नसते.

छापलं की काम संपलं, हा समज ताराबाई शिंद्यांच्या पुस्तकाने केव्हाच खोटा ठरवला आहे. ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२मध्ये छापली गेली. तिच्यावर टीका झाली, जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, आणि तरीही ते पुस्तक नजरेआड झालं ते १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. त्र्याण्णव वर्षं ते छापलेलं असून नसल्यासारखं होतं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. त्या पहिल्या पुस्तकाला फुल्यांसारखे आणखी चार वाचक त्या काळात मिळाले असते, तर दुसरं पुस्तक आलं असतं की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. पण लेखकाचं दुसरं पुस्तक पहिल्याच्या वाचकांवर उभं असतं, हे प्रकाशनव्यवहारात काम करणारा प्रत्येक माणूस जाणतो.

मग करायचं काय? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देतं, ही चांगली सोय आहे. पण ते छपाईचं अनुदान आहे, आणि उणीव संपादनाची आहे. त्याच पैशातला काही भाग हस्तलिखितावर सहा महिने काम करणाऱ्या संपादकाच्या मानधनासाठी ठेवला, तर पुस्तकं कमी निघतील आणि टिकतील. १९६७च्या कायद्याखाली उभी राहिलेली हजारो सार्वजनिक ग्रंथालयं गावोगाव आहेत. तिथे महिन्यातून एकदा स्थानिक लेखकांचं हस्तलिखित वाचून त्यावर मोकळी चर्चा करायला फार खर्च येत नाही.

आणि दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९मध्ये काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं पहिलं पाऊल बहुधा अशाच एखाद्या अंकात पडत आलं आहे. आज बहुतेक अंक आमंत्रित लेखकांच्या नावांनी भरतात. जाहिरातदाराला आणि वाचकालाही ओळखीची नावं हवी असतात, हे कारण समजण्यासारखं आहे. तरी संपादकांना विनंती आहे, की दर अंकात निदान दोन फर्मे न बोलावलेल्या, कधीही न छापलेल्या लेखकांसाठी ठेवावेत, आणि जे परत पाठवाल त्यातल्या निदान काहींसोबत चार ओळी लिहाव्यात. वाचकांनाही एक सांगणं आहे. तुमच्या घरात आजीची, काकांची, शेजारच्या बाईंची लिहिलेली वही असेल, तर ती या दिवाळीच्या सुट्टीत उघडा, शेवटपर्यंत वाचा, आणि त्यात जीव आहे असं वाटलं तर ती अशा माणसाकडे न्या, ज्याचं तुमच्याशी काही नातं नाही.